रॉबर्ट बॉश

मोटारसायकलच्या हँडलास मोबाइल लावून तो वाटेंतच चार्ज करणारे तरुण आज गांवोगांव दिसतात. ही वीज येते कोठून, असें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. आमच्या विद्यार्थी वाचकांनीं तें विचारावें, म्हणून ज्यांच्या कारखान्यांत या सोयीचा पाया घातला गेला, त्या गृहस्थांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजीं जर्मनींतील उल्म शहराजवळ आल्बेक गांवीं झाला. बारा भावंडांत ते अकरावे. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी करून त्यांनीं पुढें अमेरिकेंत एडिसनच्या व इंग्लंडांत सीमेन्सच्या कारखान्यांत काम केलें, आणि नोव्हेंबर १८८६ मध्यें स्टुटगार्ट येथें स्वतःची लहानशी कार्यशाळा काढली. टेलिफोन, विजेच्या घंटा, जें काम येईल तें घ्यावें, असे ते दिवस होते.

१८८७ सालीं एका गिऱ्हाइकाकरितां त्यांनीं मॅग्नेटो बनविला. लोहचुंबकाजवळ तारेचें वेटोळें हलविलें कीं त्यांत वीज उत्पन्न होते. तिच्या ठिणगीनें एंजिनांतील वायु पेटतो. यंत्र चांगलें होतें, तरी धंदा बसेना. कर्ज वाढलें, आणि बहुतेक कारागिरांस निरोप देण्याची पाळी आली. असल्या वेळीं हलका माल काढून दोन पैसे मिळविण्याचा मोह कोणासही होता. बॉश यांनीं तो मार्ग धरला नाहीं.

१८९७ सालीं द दियों-बूतों या फ्रेंच कंपनीची तीनचाकी मोटारगाडी त्यांच्याकडे आली. तिचें एंजिन मिनिटास १८०० फेऱ्या घेई. मॅग्नेटोचें जड वेटोळें इतक्या वेगानें कसें हलावें? त्यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनीं वेटोळें स्थिर ठेवून त्याच्याभोंवतीं हलकी लोखंडी नळी हलविण्याची युक्ति काढली, आणि वेगाचा प्रश्न सुटला. १९०२ सालीं गोटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला. हे शोध सहकाऱ्यांचे. अशीं माणसें हेरून त्यांस मोकळीक देणें हा बॉश यांचा गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

तोंवर गाडींतील वीज एंजिनाचीच चाकर होती. रात्रीं प्रवाशास कार्बाइडचा दिवा पेटवावा लागे. १९१३ सालीं बॉश कंपनीनें डायनॅमो, बॅटरी, दाब आवरणारा रेग्युलेटर व दिवे असा एकत्र संच विक्रीस काढला. आमच्या मतें खरा पालट येथें झाला: वीज प्रवाशाच्या उपयोगी पडूं लागली. १९२१ सालीं विजेचा भोंगा आला, १९२६ सालीं कांच पुसणारा वायपर.

आजच्या मोटारसायकलींत व्यवस्था तीच आहे. अल्टरनेटरची उलटसुलट वाहणारी वीज एकदिश करून रेग्युलेटर तिचा दाब सुमारें १४ व्होल्टवर राखतो; तिनें १२ व्होल्टची बॅटरी भरते, आणि चार्जर दाब ५ व्होल्टवर उतरवून मोबाइलास देतो. एंजिन बंद असतां सर्व भार बॅटरीवर पडतो. हौसेनें जादा दिवे लावणारांनीं अल्टरनेटरची शक्ति आधीं पाहावी. नाहीं तर रात्रीं आडवाटेस स्टार्टरचें बटण दाबून गाडी हूं कीं चूं करीत नाहीं.

१९०६ सालीं बॉश यांनीं कामगारांस आठ तासांचा दिवस दिला. १९४० सालीं त्यांच्या देणगीनें उभारलेलें रुग्णालय स्टुटगार्टांत उघडलें. हिटलरच्या अमदानींत त्यांनीं छळ सोसणाऱ्या यहुद्यांस मदत केली. परंतु त्याच काळीं त्यांच्या कंपनीनें युद्धसाहित्य बनविलें व वेठीच्या मजुरांस राबविलें, हेंही चरित्रांत लपवितां येत नाहीं. १२ मार्च १९४२ रोजीं ते वारले. भारतांत १९५१ सालीं त्यांच्या कंपनीच्या सहकार्यानें मायको ही कंपनी निघाली. पुढें तिचा कारखाना नाशिकासही झाला, आणि तेथील एका चौकाला लोक आजही मायको सर्कल म्हणतात.