लष्करप्रमुखपद ते राष्ट्रप्रमुखपद : इरॉन्सींचे १९४ दिवस

नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला, तरी लष्कराचे सर्वोच्च पद १९६५ पर्यंत ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. त्या पदावर बसलेले पहिले नायजेरियन म्हणजे मेजर जनरल जॉन्सन अगुयी-इरॉन्सी.

कोण होते इरॉन्सी?
पूर्व नायजेरियातील उमुआहियात १९२४ मध्ये इग्बो कुटुंबात जन्म. १९४२ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती, १९४९ मध्ये अधिकारी. १९६४ मध्ये काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे ते प्रमुख होते.

सत्ता कशी आली?
१५ जानेवारी १९६६ रोजी तरुण मेजरांनी बंड केले. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा मारले गेले. इरॉन्सींनी राजधानी लागोसमधील बंड मोडले आणि उरलेल्या मंत्र्यांनी सत्ता त्यांच्याच हाती दिली.

कुठे बिनसले?
बंडखोरांत बहुतेक इग्बो, तर मृतांत उत्तरेकडील नेते व लष्करी अधिकारी अधिक. बंडखोर तुरुंगात गेले, पण खटला चाललाच नाही. उत्तरेत संशय वाढला. त्यात मे महिन्यात इरॉन्सींनी प्रांतांची स्वायत्तता संपवणारा हुकूम काढला आणि उत्तरेत दंगली पेटल्या.

शेवट काय झाला?
२९ जुलै रोजी इबादानमध्ये उत्तरेकडील सैनिकांनी त्यांना पकडून ठार केले. यजमान असलेले पश्चिम प्रांताचे गव्हर्नर अडेकुन्ले फजुयी हेही मारले गेले. इरॉन्सींनीच लष्करात वर आणलेले याकुबू गोवोन सत्तेवर आले. पुढच्याच वर्षी बियाफ्राचे यादवी युद्ध सुरू झाले. लष्करप्रमुखाकडे सत्ता आली, पण लष्करच दुभंगलेले होते.