सर लुईस फर्मोर : मँगनीजचा अभ्यासक

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर अंगास तुमसर तालुक्यात चिखला, सीतासावंगी व डोंगरी बुजुर्ग ही गावे आहेत. तेथील काळ्या दगडास जगाच्या खनिजशास्त्रात स्थान मिळवून देणाऱ्या विद्वानाचा परिचय आपल्या तरुण पिढीस असावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

लुईस ली फर्मोर यांचा जन्म 1880 साली लंडन येथे झाला. तेथील खनिविद्यालयात त्यांनी अध्ययन केले. 1902 साली ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. मध्यप्रांतात मँगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पोलादास लागणारे हे खनिज मुंबई बंदरातून परदेशी रवाना होत असे. परंतु ते येथे आले कोठून, हे नीटसे ज्ञात नव्हते. भंडारा, बालाघाट, नागपूर व छिंदवाडा जिल्ह्यांतील खाणींचा फर्मोर यांनी बारकाईने अभ्यास केला. प्राचीन काळी पाण्याखाली साचलेल्या मँगनीजयुक्त गाळावर उष्णतेचा व दाबाचा परिणाम होऊन हे खडक बनले, असे त्यांनी प्रतिपादन केले. अशा एका खडकास त्यांनी येथील गोंड जनांवरून गोंडाइट हे नाव दिले. 1909 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय मँगनीजवरील ग्रंथ हजारांहून अधिक पृष्ठांचा आहे.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. आपल्या विद्यालयातील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेस्ली जड यांचे नाव त्यांनी आपल्याला आढळलेल्या एका खनिजास देऊन त्यास जडाइट म्हटले. ही एक प्रकारची गुरुदक्षिणाच होय. पुढील संशोधनात ते स्वतंत्र खनिज मानले गेले नाही. तथापि त्यामागील कृतज्ञता उणी ठरत नाही. छिंदवाड्यातील सीतापार येथील एका नव्या खनिजास 1910 साली इंग्लंडमधील विद्वानांनी फर्मोराइट असे नाव देऊन शिष्याचाही गौरव केला.

1932 ते 1935 या काळात ते खात्याचे संचालक होते. 1934 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व 1935 साली सर ही पदवी त्यांस प्राप्त झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होत. 1954 साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

ज्ञातिबांधवहो, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आजही चालू आहेत. डोंगरीचे खनिज विजेच्या कोरड्या घटांसाठी उपयोगी पडते. खाणीच्या परिसरातील किती वडीलधाऱ्यांनी हा दगड डोक्यावर वाहिला! परंतु त्याची परीक्षा केली परक्याने. खाण संपते, विद्या संपत नाही. आपल्या मुलामुलींनी हाच दगड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, विद्यापीठात खनिजशास्त्राच्या प्राध्यापकपदापर्यंत पोहोचावे आणि आपल्या गुरूचे नाव असेच राखावे, याकरिता प्रत्येक कुटुंबाने त्यांच्या शिक्षणास हातभार लावावा, एवढीच विनंती.