आडव्या गुलाबांची बाई

गुलाब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ताठ उभी काडी, तिच्यावर काटे आणि टोकाला एकच टपोरं फूल. कुंडीतला गुलाब असो की शाळेच्या आवारातला, त्याने सरळ उभं राहावं हीच आपली अपेक्षा. फांदी जरा वाकडी गेली की आपण काठी बांधतो, नाहीतर कात्री चालवतो. पण मैत्रिणींनो, गुलाबाच्या कितीतरी जाती मुळात उभ्या राहणाऱ्या नाहीतच. त्या जमिनीवर पसरतात, बांधावरून खाली ओघळतात, कुंपणावर रेलतात. त्यांना तसं पसरू द्यावं, हे ज्या बाईने इंग्लंडमधल्या बागवाल्यांना पटवून दिलं, तिची आज ओळख करून द्यायची आहे. तिचं नाव गर्ट्रूड जीकल.

आडनाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड यांची गोष्ट पुष्कळ जणींनी वाचली असेल. तिचा लेखक स्टीव्हन्सन हा गर्ट्रूडच्या धाकट्या भावाचा, वॉल्टरचा मित्र. 1886 साली आलेल्या त्या पुस्तकासाठी त्याने या घराचंच आडनाव उसनं घेतलं. घरची मंडळी मात्र त्याचा उच्चार जीकल असाच करत.

गर्ट्रूडचा जन्म 29 नोव्हेंबर 1843 चा, लंडनमधला. सात भावंडांत ती पाचवी. वडील सैन्यात अधिकारी होते. ती पाच वर्षांची असतानाच कुटुंब लंडन सोडून सरे परगण्यातल्या ब्रॅम्ली गावी राहायला गेलं. तिथली झाडी, ओढे, पाऊलवाटा आणि गरिबांच्या झोपड्यांपुढची चिमुकली फुलझाडं हीच तिची पहिली शाळा.

त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने थोडं चित्र काढावं, थोडं पियानो वाजवावं आणि लग्न करून मोकळं व्हावं, अशी रीत होती. गर्ट्रूडने 1861 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कला शाळेत नाव घातलं. तिला चित्रकारच व्हायचं होतं. नॅशनल गॅलरीत बसून तिने टर्नरच्या चित्रांच्या नकला केल्या, रंग रंगाशेजारी कसा बसतो ते घोटून घोटून पाहिलं. मग भरतकाम शिकली, चांदीकाम शिकली, लाकडावर कोरीवकाम शिकली. तिचं भरतकाम मोठमोठ्या घरांत गेलं. लग्न तिने केलं नाही. हात मात्र कधी रिकामा राहिला नाही.

पण डोळे साथ देत नव्हते. लहानपणापासूनच तिला लांबचं अंधूक दिसे, आणि वयाबरोबर दृष्टी आणखी उतरत गेली. बारीक काम केलं की डोळे दुखायचे. शेवटी 1891 साली ती जर्मनीतल्या विसबाडेन गावी एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडे गेली. त्याने स्पष्ट सांगितलं की आहे ती दृष्टी टिकवायची असेल तर चित्रकला आणि भरतकाम सोडावं लागेल.

तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. विचार करा, तीस वर्षं जे शिकलो, ज्यावर जीव टाकला, तेच एका भेटीत संपलं. आपल्याकडेही शिवणकाम, विणकाम, जरीकाम करणाऱ्या कितीजणींना चाळिशी लागली की हाच प्रश्न पडतो. सुईत दोरा ओवता येईना, मग आता करायचं काय?

गर्ट्रूडच्या नशिबाने तिच्याजवळ एक काम आधीपासून होतं. 1876 मध्ये वडील वारल्यावर ती आईबरोबर सरे परगण्यात परतली होती. गोडाल्मिंगजवळ मन्स्टेड इथे त्यांनी घर बांधलं आणि तिथली बाग तिनेच उभी केली. पुढे रस्त्यापलीकडची पंधरा एकर जमीनही तिने घेतली. जमीन कसली, निव्वळ रेताड, उपाशी माळ! पण सुईदोरा आणि कुंचला बाजूला ठेवावा लागला तेव्हा तिने हाच माळ कॅनव्हास म्हणून पुढे ओढला. बारीक टाका दिसत नसेल, पण रंगाचा मोठा पट्टा दिसतो ना? मग रंगाचे पट्टेच भरायचे.

तिच्या बागेतला मुख्य फुलपट्टा 200 फूट लांब आणि 14 फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळे, राखी, पांढरे असे थंड रंग. तिथून पिवळा, मग केशरी आणि मधोमध पेटलेला लाल. साडीच्या काठापदराचा विचार करावा तसा फुलांचा विचार! तिच्या कमजोर नजरेमुळेच ती एकेक फूल न पाहता रंगांचे मोठे पुंजके पाहायला शिकली असावी, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

आता गुलाबाकडे येऊ. त्या काळच्या इंग्लंडमध्ये गुलाबाला वेगळं काढून बसवायची पद्धत होती. स्वतंत्र वाफे, त्यात ओळीने उभी रोपं आणि खाली उघडी माती. प्रदर्शनात बक्षीस मिळेल असं एकेक फूल काढण्यासाठी झाड अगदी खालपर्यंत छाटायचं. वर्षातले किती महिने त्या वाफ्यात नुसत्या काड्या दिसत. गर्ट्रूडला हे रुचत नसे. गुलाबाने बागेतल्या बाकी झाडांत मिसळावं, भिंतीवर चढावं, उतारावर लोळावं, असं तिचं म्हणणं. 1902 साली तिने एडवर्ड मॉली यांच्यासोबत इंग्लंडमधल्या गुलाबबागांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात याच विचाराला मोठी जागा आहे.

तिच्या आवडीचे दोन आडवे गुलाब मुद्दाम सांगते. पहिला स्कॉच ब्रायर. युरोपात समुद्रकाठच्या वाळूतही वाढणारा हा गुलाब जेमतेम दोन-तीन फूट उंच होतो, पण मुळांतून नवे कोंब फेकत बाजूला पसरत जातो. पानं बारीक, फुलं साधी, पांढरट, फळं काळी. रेताड जमिनीला असा गुलाब म्हणजे वरदानच. दुसरा रोझा विचुरायाना. हा मूळचा जपान, कोरिया आणि पूर्व चीनकडचा, मॅक्स विचुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा. त्याच्या फांद्या जमिनीलगत सरपटतात आणि माती लागेल तिथे मूळ धरतात. एखादा ओबडधोबड उतार झाकायचा असेल तर याच्यासारखा सोबती नाही. आज बाजारात येणाऱ्या जमीन झाकणाऱ्या कितीतरी गुलाबांत याच विचुरायानाचं रक्त आहे.

गर्ट्रूडची आणखी एक युक्ती मला फार आवडते. फुलपट्ट्यात पुढची झाडं फुलून गेली की मागे जागा रिकामी दिसते. अशा वेळी ती मागच्या उंच झाडांचे दांडे हळूच पुढे वाकवून त्या जागेवर आडवे पसरी. मग नवल घडे. एरवी फक्त शेंड्याला फुलणारं झाड आडवं होताच दांड्याच्या पेरापेरातून फुलू लागे. गुलाबाच्या लांब फांद्या खुंटीने जमिनीलगत बांधण्याची पद्धतही इंग्लंडमध्ये तिच्या आधीपासून होती, आणि तिचं गमक हेच. फांदीच्या शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. फांदी आडवी केली की शेंड्याचा हा दरारा कमी होतो आणि झोपलेले डोळे एकामागून एक जागे होतात.

हे आपल्या अंगणातही करता येतं. लांब फांद्या टाकणारा देशी किंवा वेली गुलाब असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन-चार निरोगी फांद्या न कापता राखून ठेवा. त्या एकदम वाकवू नका, मोडतील. दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोड्या थोड्या खाली आणा. जाड तारेचा उलट्या यू सारखा आकडा करून जमिनीपासून चार-सहा इंचांवर अडकवा आणि कोवळा शेंडा खुडून टाका. काही आठवड्यांत फांदीभर फुटवे दिसतील. एक मात्र करा. फांद्या पसरायच्या आधीच खालचं तण मुळासकट काढून पालापाचोळ्याचा जाड थर घाला. नंतर काट्यांत हात घालून तण काढायचं म्हणजे शिक्षाच! पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या, पानं ओली राहिली की काळे ठिपके पडतात. कलमी गुलाब असेल तर डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारी रानटी फूट वेळीच काढा. आणि आडव्या फांदीचा मधला भाग थोडा खरवडून मातीत दाबला तर दाब कलमाने नवं रोपही मिळतं.

असो. गर्ट्रूडकडे परत येऊ. 1889 साली एका चहापानाच्या वेळी तिची एका वीस वर्षांच्या तरुणाशी ओळख झाली. तो एडविन ल्युटेन्स. तीच पुढे नवी दिल्लीचा आराखडा करणारा आणि राष्ट्रपती भवन उभारणारा वास्तुकार झाला. ती तेव्हा पंचेचाळीस वर्षांची. दोघं तिच्या टट्टूच्या गाडीत बसून सरेच्या आडवाटा धुंडाळत आणि जुनी घरं, कौलं, भिंती पाहत. तिचं स्वतःचं घर, मन्स्टेड वूड, त्यानेच 1897 पर्यंत बांधून दिलं. पुढे कितीतरी ठिकाणी त्याची इमारत आणि तिची बाग अशी जोडी जमली. भारतात ती कधी आली नाही. पण राष्ट्रपती भवनाची जी बाग 2023 पासून अमृत उद्यान म्हणून ओळखली जाते, ती आखणाऱ्या माणसाने फुलझाडांचा विचार तिच्याच सहवासात शिकून घेतला होता.

जन्मभरात तिने सुमारे 400 बागांचे आराखडे केले. त्यांतल्या पुष्कळ बागा तिने पाहिल्याही नाहीत! लोक जागेचा नकाशा आणि मातीचा नमुना पाठवत आणि ती घरबसल्या आखणी करून देई. रोपंही आपल्याच रोपवाटिकेतून विकत देई. जोडीला लेख लिहायचे, तेही हजाराच्या वर. 1899 मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकातले फोटोसुद्धा तिने स्वतः काढलेले. 1897 मध्ये इंग्लंडच्या राजेशाही बागकाम संस्थेने साठ जणांना मोठा सन्मान दिला. त्यात बायका फक्त दोन, आणि त्यांतली एक ही.

बागा मोठ्यांच्या, तरी तिची नजर लहानांवरही होती. उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावातल्या कामगार पोराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. त्याला खिडकीतल्या पेटीत बाग करायची होती, पण कशी करतात ते ठाऊक नव्हतं. पेटी तीन फूट लांब आणि दहा इंच रुंद. गर्ट्रूडने त्याला पत्राने सगळं समजावलं. जमिनीलगत वाढणारी इवलीशी रोपं आणि थोडे कंद पाठवले. डोंगर भासावेत असे दगड कसे मांडायचे तेही सांगितलं. सरदारांच्या बागेला जेवढं डोकं लावलं, तेवढंच त्या पेटीला. अंगण नाही म्हणून हिरमुसणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमी सजवण्याचं काम निघालं. ल्युटेन्स त्यातल्या मुख्य वास्तुकारांपैकी एक. काही दफनभूमींच्या लागवडीची आखणी त्याने गर्ट्रूडकडून करून घेतली. परमुलखात निजलेल्या पोरांच्या उशाशी गावाकडच्या बागेतली फुलं असावीत, ही त्यामागची कल्पना. आजही त्या दफनभूमींत कबरींच्या ओळींत गुलाब असतात आणि दगडांपुढे बुटकी रोपं. पावसाने माती उडून दगडावरचं नाव मळू नये, हा त्या बुटक्या रोपांचा साधा उपयोग.

1920 मध्ये ल्युटेन्सने विल्यम निकल्सन या चित्रकाराला तिचं चित्र काढायला पाठवलं. पण दिवसाउजेडी बसून राहायला तिला कुठली सवड! ती बागेत कामात, म्हणून तोवर त्याने तिच्या झिजलेल्या बुटांचंच चित्र काढलं. ते बूट आज तिच्या चित्राइतकेच प्रसिद्ध आहेत.

8 डिसेंबर 1932 रोजी, नव्वदीला एक वर्ष कमी असताना, ती गेली. बस्ब्रिजच्या चर्चच्या आवारात तिची समाधी ल्युटेन्सनेच आखली. त्यावर चित्रकार, माळीण आणि कारागीर अशी तिची तिन्ही कामं कोरली आहेत. सोडावं लागलेलं कामही वगळलेलं नाही. मन्स्टेड वूड 2023 साली इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने जतनासाठी घेतलं. 1986 मध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी एका सुगंधी गुलाबी गुलाबाला तिचं नाव दिलं. गंमत म्हणजे तो गुलाब ताठ उभा वाढतो!

झाडावरच्या कोंबालाही आपण डोळाच म्हणतो. शेंड्याची वाट अडली म्हणून गुलाब सुकत नाही, त्याला अंगभर डोळे फुटतात. गर्ट्रूडचं तसंच झालं.