संधीची वाट दाखविणारे भांडारकर

रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात १८६५ साली नवे मुख्याध्यापक रुजू झाले, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. गाव त्यांना नवे नव्हते. त्यांचे शालेय शिक्षण तिथेच झाले होते. नवी होती ती त्यांच्या हातातील भाषा. शालेय वयात ज्या संस्कृतशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता, तीच भाषा आता इंग्रजी शाळेतील मुलांना कशी शिकवावी, या विचाराने त्यांना पछाडले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे नाव. इतिहाससंशोधक, धर्मसुधारक, हस्तलिखितांचे संग्राहक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र जुन्या मुंबई इलाख्यातील हजारो विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते प्रथम होते संधी सोडवायला शिकविणारे मास्तर.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणचा. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांची बदली झाल्याने कुटुंब रत्नागिरीस आले आणि १८५३ मध्ये हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाला. तिथे दादाभाई नौरोजींसारखे अध्यापक लाभले. गणित, इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास हे त्याचे आवडीचे विषय. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे यांच्या जोडीला भांडारकर होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी आग्रह धरल्याने ते संस्कृतकडे वळले आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळींपुढे बसून ती विद्या त्यांनी मिळविली. मुंज होताच रूपे घोकणाऱ्या मुलाला संस्कृत कुठे अडते ते पुढे आठवत नाही. भांडारकर जाणत्या वयात अडले होते, म्हणून त्यांना ते आठवत होते.

आणि संस्कृत पहिल्यांदा अडते ते संधीपाशी. गणेश, सूर्योदय, प्रत्येक, सज्जन, जगन्नाथ हे शब्द मराठी माणूस रोज उच्चारतो. त्यांत गण आणि ईश किंवा प्रति आणि एक असे दोन शब्द दडले आहेत, याचे भान त्याला क्वचितच असते. संस्कृतात मात्र ही गोष्ट शब्दाशब्दांत घडते. ‘तत्’ हे साधे सर्वनाम घ्या. पुढे ‘च’ आला की ते ‘तच्च’, ‘न’ आला की ‘तन्न’, ‘हि’ आला की ‘तद्धि’, आणि ‘लभते’ आले की ‘तल्लभते’. ‘रामः’ हा तर बहुरूपीच. रामो गच्छति, रामश्च, रामस्तु, रामोऽत्र, राम आगच्छति. कोश उघडून बसलेल्या नवख्या वाचकाला यांतले एकही रूप जसेच्या तसे सापडत नाही. त्यातून जुन्या पोथ्यांत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती. ओळ सलग धावत असे. संधी सोडविता येत नाही त्याला पोथी वाचता येत नाही, इतका हा रोकडा व्यवहार आहे.

पाठशाळेत या नियमांची तयारी वेगळ्या रीतीने होत असे. पाणिनीने स्वरसंधीचे बहुतेक नियम सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादात ठेवले, तर व्यंजन आणि विसर्ग यांचे बरेचसे आठव्या अध्यायाच्या शेवटच्या तीन पादांत. हे शेवटचे तीन पाद आधीच्या नियमांच्या दृष्टीने जणू घडलेलेच नाहीत, अशी त्याची व्यवस्था. ‘राम आगच्छति’ मध्ये विसर्ग लोपल्यावर ‘अ’ आणि ‘आ’ समोरासमोर येतात, तरी त्यांचा पुन्हा संधी होऊन ‘रामागच्छति’ का होत नाही, याचे उत्तर या व्यवस्थेत आहे. विसर्गाचा लोप आठव्या अध्यायातला. सहाव्या अध्यायातील दीर्घसंधीच्या नियमाला तो दिसतच नाही. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत आणि वरदराजांनी लघुकौमुदीत ही विखुरलेली सूत्रे विषयवार एकत्र आणली. पण त्या ग्रंथांतही संज्ञा झाल्या की लगेच संधिप्रकरण येते. म्हणजे विद्यार्थी एखादे वाक्य रचण्याच्या कितीतरी आधी सगळे संधी पाठ करीत असे. बारा वर्षे व्याकरणाला देणाऱ्या मुलासाठी ही वाट उत्तम होती. पण गणित, इंग्रजी, इतिहास सांभाळून मॅट्रिकला बसणाऱ्या मुलाजवळ आठवड्याचे चारदोन तासच असत.

त्याच्यासाठी भांडारकरांनी १८६० च्या दशकात दोन पुस्तके लिहिली. पहिले ‘मार्गोपदेशिका’, दुसरे ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’. आधी वाट, मग मंदिरात प्रवेश, असा नावांचाच क्रम. पहिल्या पुस्तकात क्रियापद आणि सोपी वाक्ये सुरुवातीलाच येतात. थोडे नियम, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात भाषांतरासाठी वाक्ये, सोबत शब्दसंग्रह, असा पाठ. संधीचे नियम एकगठ्ठा समोर न टाकता, वाक्यात जिथे जो लागतो तिथे तो द्यावा, हे या पद्धतीचे मर्म. ‘भू’ पासून ‘भवति’ करतानाच ‘ओ’च्या पुढे स्वर आला की ‘अव्’ होतो हे मुलाच्या हाताखालून जाते. तो संधी शिकला हे त्याला नंतर कळते.

या सोयीची किंमतही होती. केवळ या पुस्तकांवर वाढलेल्या विद्यार्थ्याला विसर्ग लोपल्यावर पुन्हा संधी करू नये हे ठाऊक असते, पण का, हे सांगता येत नाही; पाणिनीची भव्य मांडणी त्याला बाहेरूनच दिसते. शिवाय मराठी मुलाने आपल्या भाषेच्या आजीला इंग्रजीच्या मध्यस्थीने भेटावे, हाही त्या काळाचा एक विचित्र खेळ. तथापि या पुस्तकांच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत राहिल्या, आणि पाठशाळेची पायरी कधी न चढलेल्यांनाही कालिदास मुळातून वाचता येऊ लागला.

इतक्या मान्यतेनंतरही खुद्द भांडारकरांचा मार्ग सरळ नव्हता. एल्फिन्स्टनमध्ये त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून पाहिले. परंतु कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा, १८७३ मध्ये, ती जागा पीटर पीटरसन यांना मिळाली आणि भांडारकरांना दुय्यम पदावर राहावे लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिक्षण खात्यात विद्वत्ता हा एकमेव निकष नव्हता, हे त्यातून उघड झाले. त्यांनी कामाचा वेग मात्र कमी केला नाही. आदल्याच वर्षी महाभाष्यातील उदाहरणे तपासून त्यांनी पतंजलीला पुष्यमित्र शुंगाच्या काळात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बसविले होते. व्याकरणाच्या उदाहरणातून इतिहास काढण्याचा तो मासला होता, आणि त्यावर वेबर यांच्यासारख्या जर्मन पंडिताशी त्यांचा वादही झडला.

१८७७ मध्ये त्यांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्र व्याख्याने दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत आणि आजच्या भाषांपर्यंत उच्चार कसकसे पालटत गेले, हा त्यांचा विषय. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. शेजारी आलेले दोन वर्ण एकमेकांना ओढतात, जीभ सोपा रस्ता धरते. ‘तत्’ चे ‘तच्च’ करणारी ओढ आणि ‘सप्त’ चे ‘सत्त’ करणारी ओढ एकाच जातीची. संधीचे नियम म्हणजे पंडितांनी लादलेले जाच नव्हेत, ती बोलणाऱ्यांच्या तोंडची नोंद आहे, हे अशा तुलनेतून उमगते. संस्कृतच्या बऱ्याच प्राध्यापकांनी ही गोष्ट वर्गात सांगितली असती तर किती मुलांचा धसका गेला असता!

कीलहॉर्न यांच्यानंतर १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अध्यासन अखेर भांडारकरांकडे आले. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला, १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली, १८९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रार्थना समाजाचे ते आधारस्तंभ होते. १८९१ मध्ये विधवा कन्येचा पुनर्विवाह करून त्यांनी सुधारणा घरातून सुरू केली व त्याबद्दल समाजाचा रोषही सोसला. १९११ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ केले.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था उभी राहिली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम त्यांच्याच हस्ते सुरू झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी या आवृत्तीची सूत्रे विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे आली. देशभरातील पोथ्या ताडून पाहताना सुखटणकरांच्या ध्यानात आले, की कित्येक ठिकाणी जुन्या पाठात दोन स्वर संधी न होताच शेजारी उभे आहेत आणि नंतरच्या लेखनिकांनी ती चूक समजून ओळ बदलून टाकली आहे. अशा जागी संधी मोडणारा पाठच मूळचा ठरविण्यात आला.