विष्णुपंत पागनीस : स्त्रीभूमिकेपासून संतभूमिकेपर्यंत

मराठी रंगभूमीवरील नट बोलपटाकडे वळले, त्या स्थित्यंतराची चर्चा बहुधा नाटक मंडळ्यांच्या आर्थिक ओहोटीच्या अंगाने केली जाते. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक हळूहळू चित्रपटगृहाकडे ओढला गेला, हे खरेच. परंतु या स्थलांतरात नटाच्या कलेचे काय झाले, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. विष्णुपंत पागनीस (१८९२–१९४३) यांची कारकीर्द या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘संत तुकाराम’मधील (१९३६) त्यांची भूमिका म्हणजे मूर्तिमंत भक्तीच, असा गौरव पिढ्यान्‌पिढ्या होत आला. या गौरवात त्यांच्यातील नट मात्र झाकला गेला.

पागनीस हे स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीच्या परंपरेतील नट. केशवराव भोसले यांची जडणघडण याच मंडळीत झाली आणि १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श स्थापन केली. अशा गायनप्रधान वातावरणात पागनीसांनी स्त्रीभूमिका केल्या. स्त्रीपार्टी नटाला मानेचे वळण, दृष्टीची ठेवण, पदराची हालचाल आणि आवाजाची पट्टी यांवर अखंड ताबा ठेवावा लागे. स्वतःचा देह बाजूला सारून दुसरा देह धारण करण्याचीच ती साधना होती. पुढे रंगभूमीपासून दूर झाल्यावर त्यांनी संगीतशिक्षण व भजनगायन यांत मन रमविले. ‘वंदे मातरम्’च्या त्यांनी गायिलेल्या ध्वनिमुद्रिकेमुळेही त्यांचे नाव परिचित होते.

प्रभात फिल्म कंपनीत तुकारामाच्या भूमिकेसाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा दिग्दर्शकद्वयापैकी फत्तेलाल यांना ही निवड रुचली नव्हती, असे सांगितले जाते. स्त्रीभूमिकांनी वळण लागलेल्या नटाच्या हालचालींत बायकीपणा उतरेल, अशी ही शंका होती. ती निराधार म्हणता येणार नाही. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रभातच्याच ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली होती. स्त्रीभूमिकांचा हा सम्राट पुरुषवेषात पडद्यावर आला, पण रमला नाही आणि रंगभूमीकडे परतला.

एकच कंपनी, एकाच जातीची भूमिका आणि दोघेही स्त्रीपार्टी नट. तरीही फलित भिन्न झाले. बालगंधर्वांचे गाणे प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’वर फुलणारे. समोर दाद देणारा समुदाय नसताना केवळ यंत्रासमोर गाणे त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. शिवाय महाराष्ट्राच्या मनातील त्यांची प्रतिमा इतकी दृढ होती, की एकनाथांच्या वेषातही प्रेक्षक बालगंधर्वांनाच शोधत असणार. पागनीसांवर कीर्तीचे असे ओझे नव्हते. भजनी गायकाची नजर श्रोत्यांपेक्षा दैवताकडे लागलेली असते. कॅमेऱ्यासमोरच्या एकांतात ही सवय त्यांच्या उपयोगी पडली.

चित्रपटात त्यांचा तुकाराम फारसे काही करीत नाही. गौरी यांनी रंगविलेली जिजाई बोलते, भांडते, आजारी मुलासाठी प्रत्यक्ष विठोबावर पायताण उगारते. भागवतांचा सालोमालो अंगविक्षेपांनी पडदा भरून टाकतो. या दोन टोकांमध्ये पागनीस स्थिर राहतात. संवादातून अभंगात ते इतक्या सहजतेने शिरतात, की गाणे कोठे सुरू झाले हे ध्यानात येऊ नये. संगीत नाटकातील पद प्रसंग थांबवून गायिले जाई. येथे पद प्रसंगातूनच उगवते. केशवराव भोळे यांच्या संगीतयोजनेचा यात वाटा आहेच. परंतु स्वर आणि मुद्रा यांचा तोल नटाने स्वतः सांभाळला आहे. देहावरील हे नियंत्रण स्त्रीभूमिकांच्या शिक्षणातूनच आले, असे मानण्यास जागा आहे. ज्या वळणाची फत्तेलालांना धास्ती होती, त्यातूनच संताचे मार्दव साकारले.

चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. घरोघरी तुकाराम म्हणून पागनीसांची छबी पूजेला लागली. या यशाची किंमतही नटानेच मोजली. ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०), ‘महात्मा विदुर’ (१९४३) अशा भक्तांच्या भूमिका त्यांच्या वाट्याला येत गेल्या. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. नाटक मंडळीतला नट एका हंगामात अनेक भूमिका जगत असे; पडद्याने पागनीसांना एक भूमिका चिरंतन दिली आणि इतरांची वाट बंद केली.

पागनीस स्वभावाने भाविक असतील. पण भाविकता म्हणजे अभिनय नव्हे. त्यांच्या भक्तीला पडद्यावर आकार मिळाला तो रंगभूमीवर कमावलेल्या शिस्तीमुळे. ही शिस्त लक्षात घेतली, तर बोलपटाने संगीत रंगभूमी गिळंकृत केली हे रूढ विधान अपुरे वाटू लागते. स्त्रीपार्टी नटांची परंपरा मंचावर मावळत असताना तिचा एक अंश तुकारामाच्या रूपाने पडद्यावर टिकून राहिला.