सीआरओचा जनक : फर्डिनांड ब्राऊन

फैजपूर - केळीच्या बागांनी वेढलेल्या यावल तालुक्यातील या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील 'सीआरओ' आठवतो. काळसर पडद्यावरची हिरवी रेघ, डझनभर बटणे आणि ती रेघ स्थिर करण्यासाठी होणारी धडपड. जुने संगणक घरी दुरुस्त करण्याचा छंद असलेल्यांच्या टेबलावरही सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि लॉजिक प्रोबच्या शेजारी हेच उपकरण असते. ते ज्यांच्या कल्पनेतून उतरले, त्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात जेमतेम एका ओळीपुरते येते.

ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा या गावी झाला. बर्लिन येथे १८७२ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी लाइपझिगमधील एका शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली. शाळा सांभाळूनच त्यांचे संशोधन चालू होते. काही धातूंच्या गंधकयुक्त खनिजांच्या स्फटिकाला बारीक तार टेकवली, तर वीज एका दिशेने सहज वाहते आणि उलट दिशेने अडते, हे त्यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले. डायोडचे तत्त्व ते हेच. त्या काळी त्याचा उपयोग कोणालाच सुचला नाही.

पुढे अनेक विद्यापीठांत अध्यापन करून १८९५ मध्ये ते स्ट्रासबर्ग येथील भौतिकी संस्थेचे संचालक झाले. शहरात प्रत्यावर्ती विजेचा पुरवठा सुरू झाला होता. ही वीज सेकंदाला अनेकदा दिशा बदलते. पण तिची लाट दिसते कशी, हे पाहायचे साधन नव्हते. यंत्राचा काटा जड असल्याने तो इतक्या वेगाने हलू शकत नाही. ब्राऊन यांनी काट्याऐवजी वजन जवळपास नसलेला किरण वापरला. निर्वात काचेच्या नळीतील कॅथोड किरण चमकणाऱ्या पडद्यावर पडे आणि शेजारच्या वेटोळ्यातील प्रवाहानुसार त्याचा ठिपका वर-खाली सरके. फिरत्या आरशात पाहिले, की लाटेचे चित्र उलगडत असे. हा शोध १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी त्यांचे सहायक योनाथन झेनेक यांनी ठिपका आडवा सरकवण्याची विद्युत व्यवस्था जोडली आणि आरशाची गरज संपली.

या नळीचे पेटंट ब्राऊन यांनी घेतले नाही. ज्याला हवी त्याने बनवावी, अशी ती खुली राहिली. दूरचित्रवाणी, रडार आणि संगणकाचे मॉनिटर याच नळीवर उभे राहिले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' संगणक १९६० मध्ये सुरू झाला, त्यालाही अशाच नळीचा पडदा जोडलेला होता.

दुरुस्तीच्या टेबलावर या उपकरणाची किंमत चटकन कळते. १९८४ पासून 'क्लास' प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेला 'बीबीसी मायक्रो' बंद पडला, असे समजा. मल्टिमीटर पाच व्होल्ट दाखवतो, म्हणजे वीजपुरवठा ठीक वाटतो. पण मल्टिमीटर सरासरी सांगतो. जुना कपॅसिटर सुकला असेल, तर त्या पाच व्होल्टवर चढलेली लहर सीआरओच्याच पडद्यावर दिसते. प्रोसेसरला क्लॉकचे ठोके मिळतात की नाही, हेही तेथेच कळते. (जुना मॉनिटर उघडणाऱ्याने मात्र जपावे, प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो.)

ब्राऊन यांना कीर्ती दिली ती बिनतारी संदेशाने. मार्कोनींच्या सुरुवातीच्या यंत्रात ठिणगी थेट अँटेनाच्या मार्गातच पडत असे. ब्राऊन यांनी ठिणगीचे मंडल वेगळे करून ते अँटेनाशी चुंबकीय रीतीने जोडले आणि संदेश दूरवर जाऊ लागले. या पद्धतीचे पेटंट त्यांनी घेतले. १९०९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ब्राऊन व मार्कोनी यांना विभागून मिळाले.

पेटंटचा हाच व्यवहार त्यांना अखेर महागात पडला. पहिले महायुद्ध पेटले असताना अमेरिकेतील सेव्हिल येथील जर्मन बिनतारी केंद्रावर मार्कोनी कंपनीने पेटंटचा दावा लावला. केंद्र बंद पडले, तर जर्मनीचा अमेरिकेशी थेट संपर्कच तुटणार होता. चौसष्ट वर्षांचे, प्रकृतीने खचलेले ब्राऊन साक्षीसाठी १९१४ च्या अखेरीस झेनेक यांच्यासह न्यूयॉर्ककडे निघाले. परतीची वाट ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीने अडवली. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले.

ब्रुकलिनमध्ये मुलाच्या घरी त्यांचे अखेरचे दिवस गेले. युद्ध संपण्यास काही महिने उरले असताना, २० एप्रिल १९१८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी १९२१ मध्ये फुल्डाला नेण्यात आल्या.