म्हैसूरची पाहुणी : ज्युलिएट डेरिकॉट

दरवर्षी फेब्रुवारी महिना आला की अमेरिकेतील विद्यापीठांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे स्मरण केले जाते. १९२६ साली इतिहासकार कार्टर वुडसन यांनी एका सप्ताहाच्या रूपाने हा उपक्रम सुरू केला आणि १९७६ पासून तो महिनाभर पाळला जाऊ लागला. गुलामगिरीच्या जोखडातून बाहेर पडलेल्या समाजातील कर्तबगार स्त्रियांची नावे अशा प्रसंगी आदराने घेतली जातात. त्यांपैकी एकीच्या नावावर आपल्या देशाचाही थोडा हक्क आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव ज्युलिएट डेरिकॉट. १९२८ च्या डिसेंबरात ही ख्रिस्ती भगिनी म्हैसूरला आली होती.

ज्युलिएटचा जन्म १ एप्रिल १८९७ रोजी जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत, आई शिवणकाम करी. नऊ भावंडांत ती पाचवी. गावात लूसी कॉब इन्स्टिट्यूट नावाची मुलींची नामांकित शाळा होती. आपणही तेथे शिकावे अशी लहानग्या ज्युलिएटची फार इच्छा. ती शाळा केवळ गोऱ्या मुलींसाठी आहे, हे शेवटी आईलाच तिला समजावून सांगावे लागले. वाचकहो, आपल्या लेकराला असे सांगताना आईच्या मनाचे काय झाले असेल, हे आपल्या समाजातील अनेक आजी-पणजींना वेगळे सांगायला नको. बंद दाराशी झालेली ज्युलिएटची ही पहिली ओळख.

पुढे अलाबामा राज्यातील टॅलाडेगा कॉलेजात तिला पाठविण्यास आईवडील तयार झाले. हे कॉलेज गुलामगिरी संपल्यावर, १८६७ साली, मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी स्थापन झाले होते. तेथे पोहोचल्यावर सर्व प्राध्यापक गोरे असल्याचे पाहून ज्युलिएटला धक्काच बसला. परंतु ती खचली नाही. वक्तृत्वात तिने पारितोषिक मिळविले, आंतरमहाविद्यालयीन वादविवादात ती उतरली आणि विद्यार्थिनींच्या वाय.डब्ल्यू.सी.ए. शाखेची ती अध्यक्षा झाली. १९१८ साली पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला गेली आणि त्याच वर्षी वाय.डब्ल्यू.सी.ए.ची राष्ट्रीय विद्यार्थी-सचिव म्हणून कामाला लागली.

अकरा वर्षे ज्युलिएटबाईंनी हे पद सांभाळले. गावोगावच्या कॉलेजांना भेटी द्याव्यात, परिषदा भरवाव्यात, विद्यार्थिनींना स्वतः विचार करण्यास शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी एका सहभागितेत यावे, म्हणून त्यांनी चिकाटीने परिश्रम केले. १९२७ साली कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी धर्मशिक्षण विषयात एम.ए. केले. त्याच विद्यापीठाने त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना पीएच.डी. प्रदान केली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे आंबेडकरांनी आपल्या बांधवांसाठी खुले करून दाखविले. दोन खंडांत, एकाच काळी, बंद दारांवर थाप पडत होती.

१९२८ साली जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाच्या सर्वसाधारण समितीची सभा म्हैसूर येथे भरली. संस्थानात तेव्हा चौथे कृष्णराज वडियार राज्य करीत होते आणि संस्थानाचे स्वतःचे विद्यापीठ १९१६ पासून चालू होते. देशोदेशीच्या प्रतिनिधींत अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून ज्युलिएटबाई बसल्या. ज्या मुलीला स्वतःच्या गावातील शाळेत बसता आले नव्हते, ती येथे जगभरच्या विद्यार्थी पुढाऱ्यांच्या बरोबरीने विचारविनिमय करीत होती.

सभा संपताच त्या परतल्या नाहीत. सात आठवडे त्या हिंदुस्थानात राहिल्या. विद्यार्थी वसतिगृहे, मिशन शाळा, कलकत्त्यातील निरनिराळी घरे आणि पुण्यातील एक कुटुंब, असा त्यांचा मुक्काम होता. परक्या सत्तेखाली जगणाऱ्यांची व्यथा त्यांनी जवळून ऐकली. तिच्यात त्यांना आपल्या बांधवांच्याच व्यथेचा सूर लागला. मग चीन व जपानमार्गे त्या मायदेशी गेल्या. १९२९ च्या ऑगस्टमध्ये ‘क्रायसिस’ या मासिकात त्यांनी म्हैसूरच्या सभेवर लेख लिहिला. आपले ज्ञान आणि आपली प्रीती दोन्ही अजून किती तोकडी आहेत, याची जाणीव त्या या देशातून घेऊन गेल्या होत्या.

१९२९ सालीच नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठाने त्यांना विद्यार्थिनींच्या अधिष्ठाता म्हणून बोलाविले. टॅलाडेगा कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर पहिली स्त्री विश्वस्त म्हणून त्यांची निवडही त्याच वर्षी झाली. फिस्कमध्ये विद्यार्थिनींवर कडक बंधने असत. बंधने हळूहळू सैल करून त्या मुलींनी आपली जबाबदारी आपणच पेलावी, असा प्रयत्न बाईंनी सुरू केला. त्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली.

६ नोव्हेंबर १९३१ रोजी तीन विद्यार्थ्यांसह मोटारीने त्या आईला भेटावयास निघाल्या. जॉर्जियातील डाल्टन गावाजवळ दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली. बाई आणि एक विद्यार्थिनी गंभीर जखमी झाल्या. गोऱ्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात उपचार केले, हे खरे. परंतु गावच्या रुग्णालयात कृष्णवर्णीयांना दाखल करून घेत नसत. म्हणून एका कृष्णवर्णीय बाईच्या घरी त्यांना ठेवण्यात आले. त्यानंतर दूरच्या चॅटनूगा शहरातील रुग्णालयात त्यांना हलविले, पण दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. वय अवघे चौतीस. ती विद्यार्थिनीही वाचली नाही. देशभर हळहळ व संताप व्यक्त झाला, चौकशा झाल्या, स्मरणसभा भरल्या.

वाचकहो, येथे माझी लेखणी थांबते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला ज्या उतारशाळेत नेले, तिच्यासाठी लूकने वापरलेल्या ग्रीक शब्दाची फोड केली, तर सर्वांना घेणारी जागा असा अर्थ निघतो. भाषांतरात हा अर्थ दिसेनासा होतो, आणि पुष्कळदा आपल्या वागण्यातही. डाल्टनमध्ये कोणी दुष्टपणाने हसले नाही. ज्याने त्याने नियमाप्रमाणे आपापले काम केले. मलमपट्टी झाली, दार मात्र उघडले नाही.

परंतु म्हैसूरचा धागा तुटला नाही. बाईंचे स्नेही हॉवर्ड थर्मन यांनी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी प्रवचन केले. तेच थर्मन पत्नी स्यू बेली थर्मन यांच्यासह १९३५ साली या देशात आले आणि १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोली येथे महात्मा गांधींना भेटले. मायदेशी परतल्यावर स्यूबाईंनी ज्युलिएट डेरिकॉट यांच्या नावे निधी उभारून कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना हिंदुस्थानात अभ्यासासाठी पाठविण्याची सोय केली. जिला दार मिळाले नाही, तिच्या नावाने इतरांसाठी दार उघडले.

आता प्रश्न आपल्यापुढे आहे. बाईंचा आदर करणे सोपे आहे. त्या परदेशी होत्या आणि त्यांना जाऊन बराच काळ लोटला. परंतु मुलामुलींची लग्ने जुळविताना, मंडळीतील पदे वाटताना पूर्वीच्या जातीची कुजबुज अजून आपल्या कानी येतेच. पुढच्या रविवारी मंदिराच्या दाराशी उभे राहिलात, तर क्षणभर म्हैसूरची ती पाहुणी आठवा. आपली मंडळी सर्वांना घेणारी उतारशाळा आहे काय, हे तेथेच स्वतःला विचारा.